स्पंजचा मणी, कृमीचं घर

मेंदू नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतूंचाही पत्ता नाही. तरीही माणसाने अंगावर पहिला दागिना कधी घातला, हा प्रश्न दीडशे वर्षं या प्राण्याभोवती घोटाळत राहिला. त्याचं नाव पोरोस्फेरा. समुद्री स्पंजांची ही प्रजाती केव्हाच नामशेष झाली आहे. तिचे जीवाश्म मात्र इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर आजही वाळूत मिळतात. वाटाण्याएवढ्या या गोळ्याने काय काय उलथापालथ केली ते वाचा.

हातात घेतला तर

पांढुरका किंवा करडा गोल खडा. आकार वाटाण्याएवढा, फार तर सुपारीएवढा. पहिल्या नजरेत कोणीही टाकून देईल असा. भिंग लावलं की चित्र पालटतं. सगळा पृष्ठभाग बारीक छिद्रांनी भरलेला दिसतो, आणि काही नमुन्यांवर एका टोकापासून चहूकडे जाणाऱ्या नाजूक खाचा दिसतात. गोळा मधोमध कापला, तर केंद्रातून बाहेर जाणाऱ्या नळ्या दिसतात. पाणी खेळवण्याची सगळी व्यवस्था दगडात जशीच्या तशी टिकली आहे.

या गोळ्याचा सांगाडा चुन्याच्या काट्यासारख्या बारीक तुकड्यांचा, म्हणजे कंटिकांचा आहे. प्रत्येक कंटिकेला चार भुजा. त्या एकमेकींना चिकटून घट्ट जाळी तयार होते. बहुतेक स्पंज मेले की त्यांच्या कंटिका विखुरतात आणि प्राण्याचा आकार नाहीसा होतो. पोरोस्फेराची जाळी मात्र पक्की सांधलेली. म्हणून तर इतक्या कोटी वर्षांनंतरही पुरा गोळा हातात येतो.

खडूचा समुद्र

पोरोस्फेराच्या भरभराटीचा काळ म्हणजे उत्तर क्रिटेशस, सुमारे १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्राची पातळी तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी वर होती आणि उत्तर युरोपचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असत. एकेक चकती मिलिमीटरच्या काहीशेव्या भागाएवढी. शैवाल मेलं की चकत्या तळाशी जात. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर थर साचे. अशा थरांतूनच इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे उभे राहिले. शाळेत फळ्यावर लिहायचा खडू मूळचा याच दगडाचा. आता तो बहुतेक जिप्समचा करतात.

आपल्या गोळ्यांचा मुक्काम याच मऊ, पांढऱ्या गाळावर होता. बरेचसे कशालाही न चिकटता तळावर मोकळे पडून वाढले. गोल होण्याचं कारणही यातच असावं. गोळा लोळत राहिला, तर कुठलीच एक बाजू कायमची गाळाखाली जात नाही आणि सगळीकडे सारखी वाढ होते.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? भारत बेट होऊन विषुववृत्ताच्या दक्षिणेला तरंगत होता. क्रिटेशसच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा परिसरात लांब मानेचे डायनोसॉर चरत होते. त्यांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अवशेष मिळाले, आणि गवत एवढं जुनं आहे हे जगाला तेव्हा कळलं. मग लाव्हा उसळला. सह्याद्रीचा काळा कातळ डोव्हरच्या पांढऱ्या खडूपेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण आहे.

आधी प्रवाळ, मग जलव्याल, शेवटी स्पंज

१८२९ साली जॉन फिलिप्स यांनी यॉर्कशरच्या भूशास्त्रावर ग्रंथ लिहिला. इंग्लंडचा पहिला भूशास्त्रीय नकाशा काढणारे विल्यम स्मिथ हे त्यांचे मामा. फिलिप्स यांनी हा गोळा 'मिलेपोरा' या नावाखाली नोंदवला. मिलेपोरा म्हणजे प्रवाळासारखा दिसणारा, अंग भाजवणारा समुद्री जीव. पुढे कोणी त्याला 'कॉस्किनोपोरा' म्हटलं. १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव्ह श्टाइनमान यांनी 'पोरोस्फेरा' हे नाव दिलं, पण त्यांनीही तो जलव्यालांच्या, म्हणजे हायड्राच्या गोतावळ्यात बसवला.

१९०४ साली जॉर्ज जेनिंग्ज हाइंड यांनी हा प्रश्न निकाली काढला. जीवाश्म स्पंजांवर त्यांचा हात धरणारा तेव्हा क्वचितच कोणी होता. त्यांनी गोळ्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, चार भुजांच्या कंटिका दाखवल्या आणि हा चुनखडी स्पंज असल्याचं सिद्ध केलं. फिलिप्सच्या ग्रंथापासून स्पंज ठरेपर्यंत ७५ वर्षं गेली.

फिलिप्स यांना दोष देता येणार नाही. त्यांनी लिहिलं तेव्हा स्पंज प्राणी आहे की वनस्पती, हेच नुकतं कुठे उलगडत होतं. १८२५ च्या सुमारास एडिंबरोत रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून त्याच्या मोठ्या छिद्राकडे पाहिलं. आतून पाण्याचा झोत सतत बाहेर पडत होता, आणि त्याबरोबर कचऱ्याचे कण फेकले जात होते. वनस्पती असं करत नाही. किनाऱ्यावर ग्रँट यांच्याबरोबर भटकणारा एक वैद्यकीचा विद्यार्थी पुढे जगाला ठाऊक झाला. तो चार्ल्स डार्विन.

दहावीच्या विज्ञानात रंध्रीय प्राणीसंघ वाचलेल्यांना कॉलर पेशी आठवत असतील. तो झोत त्याच पेशी निर्माण करतात. प्रत्येकीला एक चाबकासारखा धागा, आणि तो अखंड हलता. लहान छिद्रांतून पाणी आत, अन्नकण टिपायचे, मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर. या पेशींची जिद्दही विलक्षण. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्ट्या झालेल्या पेशी पाण्यात सरपटत एकमेकींपाशी आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्यातून पुन्हा स्पंज वाढले. प्राणिशास्त्रातला इतका साधा आणि इतका थक्क करणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

हातकुऱ्हाडही स्पंजची

पोरोस्फेराचे शेजारी वेगळ्या मालाचे होते. खडूच्या समुद्रातल्या अनेक स्पंजांचा सांगाडा चुन्याचा नसून सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा होता. ते मेले, गाळात गाडले गेले आणि त्यांच्या कंटिका हळूहळू विरघळल्या. सिलिका गाळातल्या पाण्यात उतरली आणि सोयीची जागा मिळेल तिथे पुन्हा घट्ट झाली. अशी जागा बहुधा झिंग्यांच्या जातीच्या प्राण्यांनी गाळात खणलेल्या बिळांमध्ये मिळे. म्हणून खडूच्या कड्यांतले चकमकीचे दगड असे वेडेवाकडे, गाठाळ, फांद्या फुटल्यासारखे असतात. त्यांचा आकार बिळाचा, माल मुख्यतः स्पंजचा.

हाच चकमकीचा दगड फोडून माणसाने लाखो वर्षं हत्यारं बनवली. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात ग्राइम्स ग्रेव्हज नावाची जागा आहे. तिथे नवाश्मयुगातल्या लोकांनी सांबरासारख्या प्राण्यांच्या शिंगांची कुदळ करून खडूत ४०० पेक्षा जास्त विहिरीसारख्या खाणी खणल्या. उद्देश एकच, चांगला चकमकीचा दगड. त्यानंतर कित्येक शतकांनी जवळच्याच ब्रँडन गावातले कारागीर हाच दगड तासून बंदुकीच्या घोड्यात बसवायचे तुकडे पाडू लागले. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या बंदुकांची ठिणगी इथल्या दगडातून पडे.

म्हणजे एकाच समुद्रातल्या दोन तऱ्हांच्या स्पंजांचं नशीब वेगवेगळं निघालं. काचेचे स्पंज विरघळून हत्यार झाले. चुन्याचा पोरोस्फेरा विरघळला नाही, तो गोळाच राहिला. आणि दोघे पुन्हा एकत्र आले ते थेट आदिमानवाच्या काळातल्या रेतीत.

खुळखुळणारा दगड

त्याआधी एक वळसा घेऊ, कारण ही गोष्ट सोडवत नाही. जर्मनीच्या र्युगेन बेटावर आणि बाल्टिक किनाऱ्यावर कधीकधी चकमकीचे गोल दगड मिळतात. हलवले की आत काहीतरी खुळखुळतं. आत असतो प्लिंथोसेला नावाचा दुसरा एक जीवाश्म स्पंज. त्याच्याभोवती सिलिकाचं कवच तयार झालं, मधला मऊ खडू झिजून किंवा विरघळून निघून गेला, आणि गोल स्पंज आत सुटा राहिला. निसर्गाने केलेला खुळखुळा, वय सात-आठ कोटी वर्षं!

त्याच किनाऱ्यावर छिद्र पडलेले चकमकीचे दगड दोरीत ओवून कोंबड्यांच्या खुराड्यात टांगत, म्हणजे कोंबड्यांना कोणी छळणार नाही. इंग्लंडमध्ये असे दगड तबेल्यात टांगत, म्हणजे चेटकीण रात्री घोडे पळवून दमवणार नाही. सतराव्या शतकात जॉन ऑब्री यांनी ही समजूत नोंदवून ठेवली आहे. आपोआप छिद्र पडलेला दगड हाती लागला की तो ओवावा, टांगावा, जपावा असं माणसाला वाटतंच. पुढचा सगळा वाद याच ओढीचा आहे.

मणी की नुसते खडे?

उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात रेतीच्या खाणी होत्या. आबव्हीलचे जकात अधिकारी बूशे द पेर्त तिथून चकमकीच्या हातकुऱ्हाडी गोळा करत आणि ही नामशेष हत्ती-गेंड्यांच्या काळातल्या माणसाची हत्यारं आहेत, असं सांगत. कोणी ऐकत नव्हतं. आमियाँचे डॉक्टर रिगोलो तर त्यांचे टीकाकार. पण १८५४ मध्ये आमियाँलगतच्या सेंट अश्युल इथल्या खाणी रिगोलोंनी स्वतः पाहिल्या आणि त्यांचं मत बदललं. हातकुऱ्हाडींच्या जोडीने त्यांना आणखी काही दिसलं. ते होते छिद्र असलेले छोटे गोळे, आपले पोरोस्फेरा.

रिगोलोंचं म्हणणं असं की हे गोळे बऱ्याचदा एका जागी पुंजक्याने मिळतात आणि सगळ्यांना छिद्र असतं. जणू माळ पुरात वाहून आली आणि दोरा न तुटता गाळात रुतली. १८६३ मध्ये चार्ल्स लायल यांनी माणसाच्या प्राचीनतेवरचा आपला गाजलेला ग्रंथ काढला, त्यात हा युक्तिवाद पटण्यासारखा असल्याचं लिहिलं. लायल म्हणजे त्या काळातले भूशास्त्राचे महर्षी. त्यांची मोहोर उमटल्यावर गोळ्यांचे मणी झाले.

इंग्लंडमध्ये हा धागा उचलला वर्दिंग्टन जॉर्ज स्मिथ यांनी. पेशाने चित्रकार, आवडीने अळंब्यांचे अभ्यासक, राहायला डन्स्टेबल गावात. बेडफर्डच्या रेतीतून त्यांनी २०० पेक्षा जास्त सच्छिद्र गोळे जमवले आणि १८९४ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की नैसर्गिक छिद्रं कोणीतरी मुद्दाम मोठी केलेली दिसतात. शंभरहून अधिक वर्षांनी, २००५ मध्ये, रॉबर्ट बेडनारिक यांनी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममधले असे गोळे तपासले. छिद्राच्या तोंडाशी झिजून सपाट झालेल्या कडा त्यांना दिसल्या. एकाला एक मणी घासत राहिले की अशीच झीज होते, म्हणून हे मणीच, असा त्यांचा निष्कर्ष.

हे खरं असेल तर केवढी मोठी गोष्ट! आज पक्के मानले जाणारे सर्वांत जुने मणी मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले, समुद्री शंखांचे, साधारण दीड लाख वर्षांपूर्वीचे. पोरोस्फेराच्या माळा खऱ्या ठरल्या, तर दागिन्यांची हौस त्याहून कितीतरी मागे जाते. शिवाय ती आपल्या मानवजातीची न राहता आपल्या आधीच्या मानवांची ठरते.

२००९ मध्ये सोलांज रिगो, फ्रांचेस्को देरिको आणि सहकाऱ्यांनी अगदी साधी, पण आधी कोणी नीट न केलेली गोष्ट केली. माणसाचा हात कधी लागलाच नाही अशा खडूच्या थरांतले पोरोस्फेरा घेऊन ते 'मण्यांच्या' शेजारी ठेवले. छिद्रं दोन्हींकडे. छिद्रांचे आकार, खोली, कडांचं रूप, सगळं नैसर्गिक गोळ्यांमध्येही मिळालं. मणी म्हणून वापराचा ठोस पुरावा उरला नाही. राहिला प्रश्न पुंजक्यांचा आणि आरपार छिद्रांच्या सुबक गोळ्यांचा. कोणीतरी निवडून घेतल्यासारखे ते दिसतात खरे. पण निवड आदिमानवाने केली की एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांनी?

मला दुसरी शक्यता जास्त पटते. त्या काळी खाणमजुरांना प्रत्येक चांगल्या वस्तूचे पैसे मिळत. १८६३ मध्ये आबव्हीलजवळच्या मुलँ-किन्यों खाणीत मजुरांनी मानवी जबडा मुद्दाम गाडून 'शोधून' दिला होता, ते प्रकरण इंग्लंड-फ्रान्समध्ये गाजलं. सुंदर गोळा उचलायचा आणि अर्धवट छिद्राचा फेकायचा, हे तर त्यापुढे काहीच नाही. त्यात फसवणूकही नव्हती. डोळा सुंदर वस्तूकडे आपोआप वळतोच.

मग छिद्र पाडलं कोणी?

या सगळ्या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग हाच. काही गोळे एखाद्या देठासारख्या वस्तूभोवती वाढले असतील, देठ कुजला आणि पोकळी राहिली, असं पूर्वी मानत. २००८ मध्ये क्रिस्टियान नॉयमान, माक्स विस्शाक आणि रिचर्ड ब्रॉम्ली यांनी छिद्रांचा बारकाईने अभ्यास केला. पुढच्या वर्षीच्या मण्यांच्या शोधनिबंधातही नॉयमान होते. त्यांचं म्हणणं असं की पोरोस्फेरातली ही छिद्रं एका कृमीने कोरलेली आहेत. तो बहुधा सिपनक्युला गटातला, वळ्या नसलेला मऊ समुद्री कृमी असावा. आजही या गटातले काही कृमी रिकाम्या शंखात शिरून राहतात आणि तो शंख समुद्रतळावर ओढत नेतात.

खडूच्या समुद्रातल्या कृमीने शंख शोधलाच नाही. त्याने गोल स्पंजात बीळ कोरलं, त्यात अंग सावरलं आणि घर ओढत फिरू लागला. मऊ गाळावर उघड्या कृमीला मासे सोडणार नाहीत, दगडी कवचात तो सुरक्षित. स्पंजचाही फायदाच झाला असावा. बारीक गाळात रुतून गुदमरण्याची भीती त्याला कायम होती, ती आता गेली. ज्याला पाय नाहीत असा प्राणी दुसऱ्याच्या बळावर हिंडू लागला. अशा बिळाला शास्त्रज्ञांनी वेगळं नावही दिलं, 'ट्रिपॅनाइटीस मोबिलिस'.

म्हणजे रिगोलो, लायल आणि स्मिथ यांनी ज्या छिद्रात माणसाचा दोरा पाहिला, त्यात खरं तर कोट्यवधी वर्षं आधी कृमीचा संसार झाला होता.

अश्युल ते नेवासे

सेंट अश्युलने जगाला मणी दिले नसतील, नाव मात्र दिलं. तिथे सापडलेल्या घडणीच्या हातकुऱ्हाडींना जगभर अश्युलियन म्हणतात. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिर्की इथे गुद्रुन कॉर्विनस यांनी साठच्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा मिळालेल्या हातकुऱ्हाडी याच परंपरेतल्या. फक्त दख्खनला खडूचा समुद्र नाही आणि स्पंजचा चकमकीचा दगडही नाही. म्हणून इथल्या माणसाने डोलेराइट आणि बेसॉल्टमधून हत्यारं घडवली. मणी पाहायचे तर जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावं लागतं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मणी मिळाले. त्यांची छिद्रं माणसानेच पाडलेली आहेत, त्याबद्दल वाद नाही.

नातेवाईक अजून आहेत

पोरोस्फेरा गेला, पण कठीण चुन्याचा सांगाडा बांधणारे स्पंज संपले, असं मानायची घाई झाली होती. १९०८ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे रँडॉल्फ कर्कपॅट्रिक यांनी असा एक जिवंत स्पंज वर्णन केला, 'मिंचिनेला'. यालाही एकमेकींना सांधलेल्या चार भुजांच्या कंटिका. हेच कर्कपॅट्रिक पुढे एका कल्पनेने पुरते झपाटले. पृथ्वीवरचे सगळे खडक, अगदी लाव्हासुद्धा, सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून झाले, असं त्यांनी १९१२ मध्ये स्वतः छापलेल्या पुस्तकात मांडलं. तज्ज्ञांनी पाठ फिरवली आणि त्या गदारोळात त्यांचं स्पंजांवरचं अस्सल काम अनेक दशकं झाकोळलं गेलं. १९५८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी मार्सेय परिसरातल्या समुद्री गुहांच्या अंधारातून 'पेट्रोबायोना' हा दगडी स्पंज वर्णन केला, तेव्हा अशा स्पंजांकडे पुन्हा लक्ष वळलं.

किनाऱ्यावर शोधायचा असेल तर

इंग्लंडच्या दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या, किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी शेवटचं. जिथे खडूचे पांढरे कडे आहेत, तिथे भरती ओसरल्यावर खाली उरलेल्या बारीक खड्यांत बघा. ससेक्स, केंट, नॉरफक, यॉर्कशर, कुठेही. मोठ्या दगडांकडे पाहू नका. गुडघ्यावर बसून सेंटीमीटरभराचे गोल खडे चाळा. गुळगुळीत असेल तर सोडून द्या, पृष्ठभागावर बारीक टोचे दिसले तर भिंग काढा. आरपार छिद्राचा गोळा सहज मिळत नाही, अर्धवट छिद्राचे बरेच मिळतील. कड्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नका, खडू अचानक कोसळतो. भरतीची वेळ आधी बघून ठेवा. संरक्षित किनाऱ्यावर काही उचलण्याआधी तिथले नियम वाचा. आणि मिळालेला गोळा कुठल्या किनाऱ्यावर, कोणत्या तारखेला मिळाला, ते चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत टाका. रिगोलोंच्या पुंजक्यांबरोबर अशा चिठ्ठ्या असत्या, तर अर्धा वाद तेव्हाच मिटला असता.